एकच प्लॅटफॉर्म, नावं अनेक: गाड्यांबद्दल कोकणातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चिपळूणला आमचं गाड्यांच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे. खेडपासून सावंतवाडीपर्यंतची गिऱ्हाइकं फोनवर आणि काउंटरवर पुन्हा पुन्हा तेच विचारतात. गणपतीच्या आधी मुंबईकरांच्या गाड्या कामाला येऊ लागल्या की हे प्रश्न आणखी वाढतात. म्हणून ते इथे एकत्र केले आहेत, शक्यतो विचारणाऱ्याच्याच शब्दांत. एका उत्तरात दुसऱ्या प्रश्नाचा विषय निघाला, तर तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. प्लॅटफॉर्म म्हणजे चासीच ना?

बोलेरो, स्कॉर्पिओ, थार, फॉर्च्युनर या गाड्यांपुरतं तसं म्हणता येईल. त्यांना खाली लोखंडी तुळयांची स्वतंत्र चासी असते आणि बॉडी तिच्यावर बोल्टने बसवलेली असते. स्विफ्ट, क्रेटा, नेक्सॉन या गाड्यांत चासी आणि बॉडी वेगळी काढताच येत नाही. सगळा मिळून एकच सांगाडा असतो. त्याला मोनोकॉक म्हणतात.

प्लॅटफॉर्ममध्ये येतं ते असं: खालचा फ्लोअर, इंजिन जिथे बसतं तो पुढचा भाग, इंजिन आणि केबिनमधली भिंत, सस्पेन्शन जिथे अडकतं त्या जागा, स्टिअरिंग आणि ब्रेकची मांडणी, आणि आजकाल वायरिंगचा बराच भाग. बाहेरचे पत्रे, दिवे आणि डॅशबोर्ड त्यात येत नाहीत. चिऱ्याचं जोतं एकदा बांधलं की वर कौलारू घर उभं करा नाहीतर स्लॅबचं. भार कुठे पडणार हे जोत्यानेच ठरवलेलं असतं.

मात्र गाडीचं हे जोतं ताणता येतं. फोक्सवॅगन समूहाने २०१२ मध्ये आणलेल्या एमक्यूबी रचनेत पुढच्या चाकांच्या आसापासून पेडलपर्यंतचं अंतर तेवढं कायम असतं. व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर), रुंदी, पुढचा-मागचा बाहेर आलेला भाग हे सगळं बदलतं. त्यामुळे गोल्फसारखी हॅचबॅक आणि कोडियाकसारखी सात आसनी गाडी एकाच रचनेतून निघतात.

२. बलेनो आणि ग्लान्झा एकच गाडी आहे म्हणतात. खरं का?

खरं आहे. बलेनो मारुती सुझुकीची आणि ग्लान्झा टोयोटाची, पण दोन्ही सुझुकीच्या गुजरातमधल्या कारखान्यात तयार होतात. सुझुकी आणि टोयोटा यांनी भारतात एकमेकांना गाड्या पुरवायचं २०१८ मध्ये ठरवलं आणि जून २०१९ मध्ये ग्लान्झा बाजारात आली. ग्रिल, बंपर, चाकं, आतले रंग आणि लोगो वेगळे. बाकी गाडी तीच.

इथे दोन प्रकार आहेत आणि लोक नेहमी त्यांची गल्लत करतात. बलेनो-ग्लान्झा, फ्राँक्स-टायझर, अर्टिगा-रुमियन या जुळ्या गाड्या. फक्त नाव आणि चेहरा बदललेला. स्कोडाची कुशाक आणि फोक्सवॅगनची टायगुन यांचा प्लॅटफॉर्म एक असला तरी बाहेरचा पत्रा वेगळा, आतली मांडणी वेगळी. पुढच्या सगळ्या उत्तरांत हा फरक कामाला येणार आहे, तेव्हा आपली गाडी यांतल्या कुठल्या प्रकारची हे आधी ओळखा.

३. पण टोयोटाची म्हटल्यावर क्वालिटी जास्त असणारच ना?

ग्लान्झा, टायझर, रुमियन यांच्या बाबतीत पत्रा, इंजिन, गिअरबॉक्स, जोडणी सगळं सुझुकीचं आहे. जास्त क्वालिटी म्हणून जास्त पैसे देऊ नका. उलट बाजूही लक्षात ठेवा: मारुतीची इन्व्हिक्टो ही टोयोटाने बनवलेली इनोव्हा हायक्रॉस आहे. मारुतीची ग्रँड विटारा आणि टोयोटाची हायरायडर २०२२ मध्ये आल्या तेव्हापासून दोन्ही टोयोटाच्या बिदडी कारखान्यात बनू लागल्या, प्लॅटफॉर्म मात्र सुझुकीचा. म्हणजे लोगोवरून कारखाना ओळखता येत नाही. लोगोने वॉरंटी आणि सर्व्हिस ठरते (प्रश्न ८).

४. कंपन्या असं का करतात? गिऱ्हाइकाला फसवायला?

फसवणूक नाही. नवा प्लॅटफॉर्म उभा करायला काही वर्षं जातात. पत्रे दाबायचे साचे, क्रॅश चाचण्या, पुरवठादारांशी करार असा तो खर्च असतो. तो चार मॉडेलांत वाटला की प्रत्येक गाडी स्वस्त पडते. तुमचाही फायदा आहे. ज्या भागावर लाखो गाड्या चालतात, तो भाग रत्नागिरीत, कणकवलीत दुकानात पडून असतो. एकट्या मॉडेलचा भाग मुंबईहून मागवावा लागतो आणि तोवर गाडी गॅरेजच्या दारात उभी राहते. आमच्यासारख्या लांबच्या गिऱ्हाइकाला ही मोठीच सोय आहे.

५. कुठल्या कुठल्या गाड्या एकाच प्लॅटफॉर्मवर आहेत?

कोकणात रोज दिसणाऱ्या तेवढ्या सांगतो.

मारुतीच्या हार्टेक्ट प्लॅटफॉर्मवर स्विफ्ट, डिझायर, बलेनो, फ्राँक्स, वॅगनआर, इग्निस, अर्टिगा आहेत. ब्रेझा त्यात नाही, तिचा वेगळा आहे. जिम्नी तर स्वतंत्र चासीची. स्कोडाच्या कुशाक, स्लाव्हिया आणि फोक्सवॅगनच्या टायगुन, व्हर्टस या चारही गाड्या चाकणला बनतात आणि चौघींचा व्हीलबेस २६५१ मिमी. कायलॅक त्याच प्लॅटफॉर्मवर, पण आखूड. ह्युंदाई आणि किया एकाच समूहातल्या, म्हणून क्रेटा-सेल्टोस आणि व्हेन्यू-सोनेट या जोड्या. रेनो ट्रायबर, कायगर आणि निसान मॅग्नाइट एका घरच्या. टाटाची अल्ट्रोझ आणि पंच अल्फा प्लॅटफॉर्मवर. हॅरियर आणि सफारीचा ओमेगार्क हा लँड रोव्हरच्या डी८ वरून घेतलेला आहे.

रोजच्या बघण्यातलं आणखी एक उदाहरण कुणाच्या लक्षात येत नाही. मिरकरवाड्याहून मासळीचे ट्रे भरून निघालेला छोटा हत्ती, म्हणजे टाटा एस, २००५ चा. वाडीवरून बाजारात माणसं आणणारी मॅजिक २००७ ची. दोन्ही एकाच प्लॅटफॉर्मच्या.

पिढी बदलली की जोडी तुटू शकते, हे विसरू नका. एकीची नवी पिढी आली आणि दुसरी अजून जुन्याच पिढीत असली, तर नाव तेच राहूनही दोघींचा खालचा सांगाडा सारखा राहत नाही.

६. प्लॅटफॉर्म एक म्हणजे इंजिनही एकच का?

नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्लॅटफॉर्म वेगळा आणि इंजिन एक, अशी उदाहरणं भरपूर. फियाटचं १.३ लिटरचं डिझेल इंजिन स्विफ्टमध्ये होतं, टाटा इंडिका व्हिस्टामध्ये होतं, फियाट पुंटोतही होतं. मारुतीने एप्रिल २०२० मध्ये बीएस६ (धुराचे कडक नियम) आल्यावर डिझेल बंद केलं. पण त्या इंजिनाच्या गाड्या आजही आपल्याकडे घाट चढतायत आणि त्यांचे भाग आम्ही रोज विकतो. फियाटचंच २ लिटरचं डिझेल जीप कंपास, टाटा हॅरियर आणि एमजी हेक्टरमध्ये आहे: तीन कंपन्या, तीन प्लॅटफॉर्म.

उलटही असतं. एकाच क्रेटाला पेट्रोल, टर्बो पेट्रोल आणि डिझेल अशी इंजिनं मिळतात. म्हणून पार्ट मागताना नुसतं गाडीचं नाव पुरत नाही. इंजिन आणि वर्षही सांगा.

७. ग्लान्झाला बलेनोचे पार्ट बसतात का? सेल्टोसला क्रेटाचे?

सगळ्यात जास्त फोन याच प्रश्नासाठी येतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी जुळ्या गाड्या. ग्लान्झा आणि बलेनोचा लोअर आर्म (चाकाला सांगाड्याशी जोडणारा खालचा हात) काउंटरवर शेजारी शेजारी ठेवून बघा. पत्र्याचा बाक, बुशचं माप, बॉल जॉइंटचा दांडा, सगळं सारखं. वेगळं काय, तर खोकं, त्यावरचा नंबर आणि कधीकधी किंमत. सस्पेन्शन, ब्रेक पॅड, फिल्टर, क्लच, पुढची काच, दरवाजे हे त्याच पिढीचे असतील तर बसतात. बंपर आणि ग्रिल बसत नाहीत. हेडलाइटची बाहेरची बैठक सारखी असते, पण आतली रचना व्हेरियंटप्रमाणे बदलते, म्हणून जुना दिवा हातात घेऊनच या.

सेल्टोस-क्रेटासारख्या जोड्यांत बाहेरचा एकही पत्रा सामाईक नाही. खालचे आणि इंजिनाचे भाग मात्र पुष्कळ सामाईक आहेत. ह्युंदाई आणि किया दोघांचेही अस्सल भाग समूहाच्या पार्ट कंपनीच्या, मोबिसच्याच नावाने येतात, त्यामुळे नंबर जुळवणं सोपं जातं. स्कोडा-फोक्सवॅगनमध्ये आणखी सोपं, कारण संपूर्ण समूहाची नंबर द्यायची पद्धत एकच आहे. नंबर जुळला की भाग तोच.

आता जिथे लोक हमखास चुकतात ते. बलेनोचा ग्राउंड क्लिअरन्स (जमिनीपासूनची उंची) १७० मिमी, फ्राँक्सचा १९०. व्हीलबेस दोघींचा २५२० मिमी. मग कुणीतरी सुचवतं, "पाणंदीत गाडी घासते ना, बलेनोला फ्राँक्सचे स्प्रिंग टाक." हे करू नका. स्प्रिंग, शॉकअब आणि अलाइनमेंट एकमेकांना धरून ठरवलेले असतात. नुसतं स्प्रिंग बदललं की चाकांना ताकद पोचवणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टचा कोन बदलतो, टायर एका बाजूने झिजतात आणि आंबा घाटाच्या उतारावर ब्रेक मारताना गाडी वेगळीच वागते. वर विम्याचा प्रश्न राहतोच (प्रश्न १३).

एअरबॅग, तिचा कंट्रोलर, ब्रेकचं एबीएस युनिट, इंजिनाचा ईसीयू (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) हे दुसऱ्या मॉडेलचे काढून कधीच बसवू नका. सॉकेट बसतं म्हणून लोक समाधान मानतात, पण आतला प्रोग्रॅम त्या दुसऱ्या गाडीचा असतो. असे भाग गाडीच्या नंबरावरूनच मागवायचे (प्रश्न १४).

८. आमच्या गावाजवळ टोयोटाचं सर्व्हिस सेंटर नाही. ग्लान्झा वॉरंटीत असताना मारुतीकडे नेली तर?

वॉरंटीचं काम ज्याचा लोगो त्याच्याकडेच होतं. मारुतीवाले ग्लान्झाचं वॉरंटीतलं काम करणार नाहीत आणि टोयोटावाले बलेनोचं. गाडी एकाच कारखान्यातून आली, हे कारण तिथे चालत नाही.

मी गिऱ्हाइकाला नेहमी आधी विचारतो, तुम्ही राहता कुठे? देवगड-विजयदुर्गाकडच्या किंवा दापोली-हर्णैच्या माणसाने जुळ्यांपैकी एक निवडताना शोरूममधल्या ऑफरपेक्षा सर्व्हिस सेंटर किती किलोमीटरवर आहे ते बघावं. पूर्वी टोयोटाची वॉरंटी जास्त हा मुद्दा होता. जुलै २०२४ पासून मारुतीनेही ३ वर्षं किंवा १ लाख किलोमीटर केली आहे, त्यामुळे तो फरक आता उरला नाही. वॉरंटी संपल्यावर जुळी गाडी कुठल्याही चांगल्या मिस्त्रीकडे न्या. ज्याला बलेनो कळते त्याला ग्लान्झा कळते.

९. कंपनीच बंद झाली तर? माझ्याकडे डॅटसनची रेडी-गो आहे.

घाबरू नका. डॅटसन नाव भारतात २०२२ मध्ये बंद झालं, पण गाड्यांची सर्व्हिस निसानकडे आहे. शिवाय रेडी-गो आणि रेनो क्विड एकाच प्लॅटफॉर्मच्या, इंजिनंही तीच. खालचे आणि इंजिनाचे बरेच भाग क्विडच्या नावाने मिळतात. टेरानोवाल्यांनी डस्टरचे भाग मागावेत, रेनो पल्सवाल्यांनी निसान मायक्राचे, स्कालावाल्यांनी सनीचे.

अडचण येते ती बाहेरच्या भागांची. रेडी-गोचा बंपर किंवा टेल लाइट फुटला तर क्विडचा उपयोग नाही. असा भाग चांगल्या स्थितीत मिळाला तर घेऊन ठेवावा.

१०. एकाच प्लॅटफॉर्मच्या गाड्या तितक्याच सुरक्षित असतात का?

असं धरून चालू नका. चांगल्या प्लॅटफॉर्मचा फायदा होतोच. ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या क्रॅश चाचणीत कुशाक आणि टायगुनला २०२२ मध्ये पाच तारे मिळाले, २०२३ मध्ये स्लाव्हिया आणि व्हर्टसलाही पाच. पण हार्टेक्टचं बघा. २०२३ मध्ये त्या वेळच्या वॅगनआरला मोठ्यांच्या सुरक्षेसाठी एकच तारा मिळाला आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये नव्या डिझायरला पाच. प्लॅटफॉर्मचं नाव एकच, पण सांगाड्याची मजबुती, पोलादाचा दर्जा आणि एअरबॅगची संख्या वेगळी. ऑक्टोबर २०२३ पासून आपली भारत एनकॅपही सुरू झाली आहे. त्याच मॉडेलचा, त्याच वर्षाचा निकाल बघा. घरची माणसं बसणार आहेत त्यात. शेजारच्या मॉडेलच्या ताऱ्यांवर गाडी घेऊ नका.

११. आमच्याकडे खारं वारं. एक प्लॅटफॉर्म म्हणजे गंजही सारखाच धरणार का?

जुळ्या गाड्यांचा पत्रा आणि रंगाची प्रक्रिया एकच, त्यामुळे त्यांच्यात फरक नाही. बाकीच्यांत पडतो, पण त्याहून जास्त फरक गाडी कुठे उभी राहते यानेच पडतो. वेंगुर्ल्याला किनाऱ्यालगत उघड्यावर असलेली गाडी आणि संगमेश्वरला पडवीत असलेली तीच गाडी पाच पावसाळ्यांनंतर खालून बघा.

रचनेने एक गोष्ट ठरते. स्वतंत्र चासीच्या गाडीत तुळया आतून पोकळ असतात. लाल माती आत जाऊन पाणी निघायची भोकं बुजली की आतून गंज सुरू होतो, आणि वरून रंग चांगला दिसत राहतो. मोनोकॉकमध्ये दाराखालचे उंबरे आणि मागच्या चाकावरची कमान आधी जाते. दोन्हीकडे उपाय साधाच. पाऊस संपल्यावर खालून गोड्या पाण्याने धुवा आणि भोकं तारेने मोकळी करा. कोटिंग करून घेताना ती भोकं बुजवली जात नाहीत ना, हे स्वतः उभं राहून बघा. आधीच गंज असेल तर तो घासून काढल्याशिवाय कोटिंग करू देऊ नका. आत ओल अडकते आणि पत्रा झपाट्याने खातो.

मासळी वाहणाऱ्या गाडीला बर्फाचं खारं पाणी रोजचंच. तिथे धुणंही रोजच हवं.

१२. नाव तेच आहे म्हणजे प्लॅटफॉर्मही तोच असेल ना?

नेमकं इथेच नीट बघा. इनोव्हा क्रिस्टा स्वतंत्र चासीची, मागच्या चाकांना ताकद देणारी, फॉर्च्युनरच्या कुळातली. इनोव्हा हायक्रॉस मोनोकॉक, पुढच्या चाकांना ताकद देणारी. नाव सोडलं तर खाली काहीच सारखं नाही. स्कॉर्पिओ क्लासिक आणि स्कॉर्पिओ-एन तशाच वेगळ्या. बोलेरो आणि बोलेरो निओ यांचंही तेच: निओ म्हणजे आधीची टीयूव्ही३००. "बोलेरोचा पार्ट द्या" म्हणून गुहागरहून आलेला माणूस चुकीचा भाग घेऊन परत जातो आणि पुन्हा यावं लागतं. आधी आरसीचा फोटो पाठवा.

घाटात काय बरं, असंही याबरोबर विचारतात. माणसं आणि सामान भरून रोज कच्च्या चढावर जायचं असेल तर क्रिस्टासारखी गाडी. मुंबई-गोवा हायवेने कुटुंबाला घेऊन जायचं असेल तर हायक्रॉस जास्त आरामाची, आणि हायब्रिड घेतली तर पेट्रोलही वाचतं.

१३. ग्लान्झाला बलेनोची ग्रिल आणि लोगो लावला तर चालेल?

चालणार नाही. आरसीवर कंपनी टोयोटा आहे आणि विमाही त्याच नावाने आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने ठरवलेल्या मूळ स्वरूपात परवानगीशिवाय बदल करता येत नाही. अपघातानंतर सर्व्हेअरसमोर गाडी एक आणि कागद दुसरा, अशी वेळ कशाला आणायची? इंजिन किंवा चासी बदलायची असेल तर आरटीओची परवानगी लागतेच.

१४. चासी नंबरावरून प्लॅटफॉर्म कळतो का?

सरळ कळत नाही. १७ अक्षरांचा हा नंबर असतो आणि पहिली तीन अक्षरं कंपनी सांगतात: एमए३ मारुती, एमएएल ह्युंदाई, एमएटी टाटा. पण याच नंबरावर कंपनीच्या यादीत तुमच्या गाडीचा नेमका भाग सापडतो. म्हणून आम्ही तो मागतो. लिहून पाठवण्यापेक्षा फोटो पाठवा, आकडे-अक्षरं उलटसुलट होत नाहीत.

१५. एका कंपनीने गाड्या परत बोलावल्या तर जुळी गाडीवाल्याने काळजी करावी का?

लगेच चौकशी करावी. जानेवारी २०२३ मध्ये एअरबॅग कंट्रोलरच्या शंकेवरून मारुतीने १७,३६२ गाड्या बोलावल्या, त्यात बलेनो आणि ग्रँड विटारा होत्या. टोयोटानेही त्याच कारणासाठी ग्लान्झा आणि हायरायडर बोलावल्या. भाग बदलायचे पैसे लागत नाहीत. जुनी गाडी घेतली असेल तर निरोप पहिल्या मालकाकडे जातो, म्हणून चासी नंबर देऊन स्वतःच विचारा.

१६. जुन्या बाजारात जुळ्यांपैकी कुठली घ्यावी?

जी स्वस्त मिळेल आणि जिचा सर्व्हिसचा इतिहास पूर्ण असेल ती. कमी खपलेल्या नावाची जुळी बऱ्याचदा स्वस्त मिळते आणि चालायला तीच असते.

पण आपल्या भागात त्याआधी पाणी बघा. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा असंख्य गाड्या बुडाल्या आणि पुढे विकल्याही गेल्या. सीटखालच्या रुळांवर गंज, सीटबेल्ट पूर्ण ओढल्यावर तळाशी मातीची रेघ, डिकीतल्या स्टेपनीच्या खड्ड्यात गाळ, कार्पेटखाली वायरच्या सॉकेटमध्ये हिरवट थर, हे सगळं दिवसाउजेडी तपासा. यातलं काही सापडलं तर भाव कितीही उतरवला तरी घेऊ नका.

१७. इलेक्ट्रिक गाड्यांतही असंच चालतं का?

चालतं. नेक्सॉन ईव्ही पेट्रोल गाडीच्याच प्लॅटफॉर्मवर बेतलेली आहे. पंच ईव्ही जानेवारी २०२४ मध्ये आली ती इलेक्ट्रिकसाठीच केलेल्या प्लॅटफॉर्मवर. म्हणजे पंच आणि पंच ईव्ही दिसायला बहिणी, खालून वेगळ्या. महिंद्राच्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई एकाच इंग्लो प्लॅटफॉर्मवर आहेत. मारुतीच्या ई-विटाराची जुळीही टोयोटाच्या नावाने आहेच. बॅटरी फ्लोअरमध्येच बसवलेली असते, त्यामुळे खालून दगड लागला तर खर्च मोठा. बॅटरीच्या कवचाचं काम गावच्या गॅरेजमध्ये करू नका, ते कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाच द्या.